‘नुसतं बघायचे पैसे?’ – आमच्या गॅरेजची वाटचाल

2003 साली पुण्यात पद्मावतीला आम्ही दोघांनी मोटरसायकलींचं गॅरेज टाकलं, तेव्हा भागीदारीत सगळ्यात आधी ठरलं ते स्पेअरच्या कमिशनचं. नाना पेठेतून पार्ट आणायचा आणि बिलावर थोडं चढवायचं, हा या धंद्यातला राजमार्ग. पण कमाई पार्टवर राहिली की हात आपसूक पार्ट बदलायलाच जातो. म्हणून पार्ट आणला त्याच भावात लावायचा आणि बिघाड शोधण्याचे पैसे वेगळे घ्यायचे, असं ठरवलं. पन्नास रुपये.

पुणेकर गिऱ्हाइकाला हे पचणं अवघडच होतं. ‘म्हणजे नुसतं बघायचे पैसे?’ शेवटी पाटी लावली: ‘बघायचे पैसे पडतात. न बघता बदलायचं असल्यास शेजारी चौकशी करावी.’ शेजारच्या गॅरेजवाल्यानं बरेच दिवस आमच्याशी अबोला धरला होता, तो भाग वेगळा.

आमचं नाव झालं ते एकाच तक्रारीमुळे. ‘गाडी खाली मस्त चालते हो, पिळली की दम तोडते.’ म्हणजे कमी वेगात ठीक, ॲक्सिलरेटर पूर्ण दिला की ओढ जाते. आरएक्स 100, यझदी, जुनी बुलेट, सीबीझेड, कुठलीही असो, वाक्य हेच. अशा गाड्या चार गॅरेज फिरून आमच्याकडे यायच्या. पिस्टन नवा, कॉइल नवी, कार्बोरेटर नवा, आणि गाडी होती तिथंच. कारण हा बिघाड स्टँडवर उभ्या गाडीत दिसतच नाही. इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांवर गेलं की सेकंदाला 100 फेऱ्या होतात. आरएक्स, यझदीसारख्या टू-स्ट्रोकला (दर फेरीला एक ठिणगी) तेवढ्याच ठिणग्या लागतात आणि तेवढ्याच वेळा पेट्रोल. खाली चालून जाणारी प्रत्येक उणीव तिथं उघडी पडते. म्हणून ट्रायल आम्ही जुन्या कात्रज घाटाच्या चढावर घेतो.

एक आरएक्स अजून आठवते. सिंहगड रोडचे गृहस्थ, गाडी आरशासारखी पुसलेली. म्हणाले, ‘टाकी फुल केली की हमखास मरते. थोडा वेळ उभी केली की परत चालते. माझं कोणी ऐकूनच घेत नाही.’ आधीच्या मंडळींनी ब्लॉक बोअर करून, म्हणजे इंजिनचा सिलिंडर आतून कोरून दिला होता. आम्ही कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरली. या गाड्यांना मिनिटाला निदान 200 मिली पेट्रोल सुटलं पाहिजे, हे आमचं माप. सुरुवातीला धार जोरात. बहुतेक जण इथंच ‘पेट्रोल ठीक’ म्हणून पुढं जातात. आम्ही धरूनच ठेवली. धार बारीक होत गेली, मग थेंब. टाकीचं झाकण फिरवलं तर फुस्स आवाज झाला आणि धार पुन्हा जोरात! झाकणात बाजारातलं नवं रबर बसवलेलं होतं, त्याला हवेची खाचच नव्हती. पेट्रोल खाली जायचं, पण त्याच्या जागी हवा आत येईना. फुल टाकीत वर मोकळी जागा थोडी, त्यामुळे पोकळी लगेच तयार होते आणि पेट्रोल अडतं. गृहस्थांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ब्लेडनं रबराला खाच पाडली. बिल पन्नास रुपये. ते त्यांनी कुरकुर न करता दिले, आणि नंतर त्यांनी पाठवलेली माणसं मोजायची आम्ही सोडून दिली.

आमचा क्रम तेव्हापासून फारसा बदललेला नाही. इंजिनचा आवाज चढतो पण स्पीडचा काटा चढत नाही, म्हणजे क्लच प्लेटा घसरतायत; कार्बोरेटरला हात लावायचं कारण नाही. ते नसेल तर दम तोडत असताना चोक (पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) अर्धा ओढून बघायचा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय: कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची) जाळी, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची उंची, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र). आणखी गुदमरली तर एअर फिल्टर, ठिणगी किंवा सायलेन्सर. शंका राहिलीच तर चढावर पूर्ण पिळलेल्या अवस्थेत इंजिन बंद करून क्लच दाबायचा, बाजूला थांबून प्लग काढायचा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त. टू-स्ट्रोक पांढऱ्या प्लगवर तशीच दामटली तर पिस्टन जाम झालाच म्हणून समजा. करिझ्मासारख्या गाडीत कार्बोरेटरचा रबरी पडदा उजेडासमोर धरतो. सुईएवढं भोक असलं तरी हवेची वाट उघडणारी स्लाइड पूर्ण वर उचलली जात नाही. इंजिन खोलणं सगळ्यात शेवटी.

पहिलं महाग अवजार घेतलं ते स्ट्रोब लाइट, म्हणजे ठिणगी पडेल त्याच क्षणी चमकणारा दिवा; त्यात ठिणगीच्या वेळेची खूण दिसते. वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडावी लागते. जुन्या बुलेटमध्ये हे काम स्प्रिंगला अडकवलेली दोन छोटी वजनं करतात. पिनांवरचं ग्रीस वाळून घट्ट झालं की ती उघडतच नाहीत. इंजिन तापतं आणि ओढ नाहीशी. वेग वाढवूनही स्ट्रोबखाली खूण जागची हलली नाही की गिऱ्हाइकालाच वाकून बघायला लावायचं. त्यानंतर पैशांवरून वाद होत नाही.

मधली काही वर्षं टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरनीच आमचं भाडं भरलं. आतली नळी काढून कार्बन जाळायचा, कधी कॉस्टिक सोड्यात बुडवायची. ॲल्युमिनियमचा पार्ट मात्र त्या पाण्याजवळही न्यायचा नाही, ही पोरांना पहिल्या दिवशीची ताकीद. औंधच्या आयटीआयमधून पोरं येऊ लागली, त्यातली दोन टिकली. आता घाटातली ट्रायल तीच घेतात.

2020 च्या लॉकडाऊननंतर रीघ लागली. उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या जेटमध्ये पेट्रोल वाळून चिकट लुकण झालेलं. आता इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट फुगून येतात, आणि पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाणी सापडतं. कॉक काढल्यावर जाळीवर गंजाचा लाल गाळ दिसला नाही अशी जुनी गाडी विरळाच.

सध्या निदानाचे पाचशे घेतो. बिघाड सापडला नाही तर काही नाही. गाडी आणणार असाल तर कृपा करून आदल्या दिवशी प्लग बदलू नका, टाकी धुऊ नका. पेट्रोल जेवढं असताना ती त्रास देते तेवढंच ठेवा. ट्रायल सकाळी आठच्या आत, ट्रक वाढायच्या आधी. शक्यतो मालकानं मागं बसावं.