चौदा लिटर गरम पाणी

कॅरव्हॅनमध्ये गरम पाण्याचा शॉवर बसवायचं ठरलं, की माणूस आधी गिझर बघायला लागतो. आमच्याकडेही तसंच झालं. नवऱ्याने चार-पाच गिझरचे फोटो मला पाठवले, त्यांतल्या एकावर तर तापमानाचे निळे आकडे लुकलुकत होते. मी म्हटलं, हे सगळं नंतर. आधी तू किती पाण्यात आंघोळ करतोस ते मोजू.

"आता आंघोळही मोजायची?"

हो, मोजायची. घरातला साधा शॉवर मिनिटाला नऊ-दहा लिटर पाणी सहज सोडतो. त्याखाली सहा मिनिटं उभं राहिलं की साठ लिटर गेले. आमच्या कॅरव्हॅनची पाण्याची टाकी सत्तर लिटरची, आणि त्यातच स्वयंपाक, भांडी, दात घासणं. म्हणजे त्याची एक आंघोळ झाली की मी ओल्या फडक्याने अंग पुसायचं. हा हिशेब त्याला लगेच पटला, कारण माझा चेहरा समोर होता.

मग मिनिटाला चार-पाच लिटर सोडणारा, हातातच बटण असलेला शॉवर आणला आणि घरीच प्रयोग केला. अंग भिजवायचं, पाणी बंद, साबण, मग धुवायचं. खाली बादली ठेवून मोजलं तर एका आंघोळीला बारा लिटर लागले. केस धुवायचे असतील तर अठरा-वीस. या बारा लिटरवरच आमची पुढची सगळी खरेदी ठरली.

लोक हमखास विचारतात, सौर पॅनल आहेत तर विजेवर का नाही? आम्ही शेवटी घेतलेल्या गिझरच्या टाकीत मावतं तेवढं, म्हणजे चौदा लिटर पाणी १२ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं तर साधारण पाऊण युनिट वीज लागते, म्हणजे १२ व्होल्टवर ६५ अँपिअर-अवर. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी एकाच वेळच्या पाण्यात अर्ध्याहून जास्त रिकामी होणार. तीच ऊर्जा गॅसमधून काढायला, बर्नरची थोडी नासाडी धरूनही, ७५ ते ८० ग्रॅम एलपीजी पुरतो. पाच किलोचा सिलिंडर निव्वळ आंघोळीला वापरला तर असं साठेक वेळा पाणी तापेल. जिथे मुक्कामाला गाडीला वीज जोडायचा खांब मिळतो तिथे विजेवर तापवावं, काही गिझरमध्ये दोन्ही सोयी असतात. पण आम्हाला जायचं असतं ते खांब नसलेल्या जागी.

गॅसवरही दोन रस्ते आहेत, आणि इथे आमचं घरात बरंच वाजलं.

पहिला इन्स्टंट गिझर. भिंतीला टांगायचा डबा, आत तांब्याची वेटोळी, खाली बर्नर. पाणी वाहू लागलं की आपोआप पेटतो, ठिणगीला दोन जाड सेल पुरतात. स्वस्त, हलका, आणि पाणी संपेपर्यंत गरमच. नवरा याच्या बाजूने होता. माझ्या हरकती दोन होत्या. एक म्हणजे त्याला पेटायला ठराविक प्रवाह लागतो, साधारण मिनिटाला अडीच लिटर. पाणी वाचवण्यासाठी नळ बारीक केला की ज्योत विझते. शॉवरचं बटण बंद करून साबण लावताना वेटोळ्यात अडकलेलं पाणी तापलेल्या तांब्यामुळे आणखी तापतं, म्हणून पुन्हा चालू केल्यावर पहिली धार चटका देणारी, आणि तिच्या मागोमाग बर्नर पेटायच्या आधी निघून गेलेलं थंड पाणी. आमची सगळी आंघोळच चालू-बंदची, त्यामुळे हा खेळ रोजचा झाला असता.

दुसरी हरकत धुराची. बाजारात सुटे मिळणारे असे गिझर बहुतेक उघड्या ज्योतीचे असतात. हवा आजूबाजूची घेतात, धूरही तिथेच सोडतात. ते बाहेर, मोकळ्यावर वापरण्यासाठी केलेले असतात आणि त्यांच्यावर तसं लिहिलेलंही असतं. तरी कोणीतरी तो आत न्हाणीत टांगतोच. त्याचा हिशेब मी नवऱ्याला कागदावर करून दाखवला. दहा किलोवॉटचा बर्नर पूर्ण जोरात तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो, आणि त्यासाठी अडीच-पावणेतीन घनमीटर ऑक्सिजन लागतो. आमची न्हाणी सत्तर सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, उंची १.९ मीटर. त्यातली सगळी हवा एक घनमीटरही भरत नाही, आणि तिच्यातला ऑक्सिजन पाचवा हिस्सा. दार लावून घेतलं तर तेवढा ऑक्सिजन बर्नरला चार-साडेचार मिनिटांचा. प्रत्यक्षात तो संपायच्या कितीतरी आधी ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतो. चक्कर येतेय हे कळेपर्यंत कडी काढायची ताकद उरलेली नसते. गॅस गिझरमुळे न्हाणीघरात माणसं दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत, आणि ती न्हाणीघरं कॅरव्हॅनमधल्यापेक्षा मोठी होती.

बाहेरच्या बाजूला टांगून, पाण्याची नळी खिडकीतून आत घेणारेही आहेत. डबा उघड्यावर राहतो खरा, पण वारा फिरला की धूर त्याच खिडकीतून आत. तंबूतला शॉवर बाहेर, गिझर त्याच्याही बाहेर, अशी मांडणी असेल तर माझी काही तक्रार नाही. ज्यांना आठवड्यातून एकदाच आंघोळ करायची आहे त्यांनी खुशाल तसं करावं.

दुसरा रस्ता म्हणजे टाकीवाला गिझर, आणि आम्ही तोच घेतला. चौदा लिटरची टाकी, बर्नर दीड किलोवॉटचा. त्याचा ज्वलनकक्ष पूर्ण बंद असतो. भिंतीतल्या एकाच जाळीतून बाहेरची हवा घेतो आणि धूरही तिथूनच बाहेर सोडतो, आतल्या हवेशी त्याचा संबंधच येत नाही. पाणी तापायला अर्धा तास लागतो, हे नवऱ्याला फार लागलं. पण टाकीत ६० अंशांचं पाणी असलं आणि त्यात १२ अंशांचं थंड मिसळून ३९ अंशांचं केलं, तर चौदाचे जवळजवळ पंचवीस लिटर होतात. बारा अधिक बारा. दोघांच्या आंघोळी एका दमात होतात, आणि केस धुवायचा दिवस असेल तर मी पहिली जाते.

गंमत अशी की गॅस दोन्ही प्रकारांत जवळपास सारखाच जातो. तेवढंच पाणी तेवढंच तापवायचं, मग ते पाच मिनिटांत तापवा नाहीतर अर्ध्या तासात. फरक पडतो तो सिलिंडरवर. द्रव गॅसची वाफ होताना सिलिंडर स्वतः थंड होत जातो, आणि तासाला किलोभर गॅस ओढला तर लहान सिलिंडरवर बाहेरून दव जमतं, कधी बर्फही, आणि दाब पडतो. ब्युटेन तर शून्य अंशाच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतो, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत काम देतो. थंडीत कॅरव्हॅन नेणाऱ्यांनी सिलिंडरमध्ये काय भरलंय हे गिझर घेण्याआधी विचारावं. आमचा दीड किलोवॉटचा बर्नर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास ओढतो, सिलिंडरला त्याची जाणीवही होत नाही.

जागा ठरवायला गिझर निवडण्यापेक्षा जास्त वेळ गेला. तो बाहेरच्या भिंतीला लागून हवा, जाळीच्या वरच्या बाजूला उघडता येणारी खिडकी नको, आणि पाण्यासकट वीस-बावीस किलो वजन शक्यतो ॲक्सलजवळ हवं. त्यातून न्हाणीही जवळ हवी. आतून दहा मिलिमीटर व्यासाच्या नळीत मीटरमागे जवळजवळ ऐंशी मिलिलिटर पाणी मावतं. चार मीटर लांब नळी असेल तर दर वेळी गरम पाणी येईपर्यंत पावशेरापेक्षा जास्त थंड पाणी वाहून जातं. घरात हे कोणी बघत नाही. बारा लिटरच्या हिशेबात ते डोळ्यात येतं. शेवटी न्हाणीशेजारच्या बाकाखालचा खण रिकामा केला, आणि तिथले बूट कुठे ठेवायचे हा वाद अजून मिटलेला नाही.

भिंतीला भोक पाडायचं काम मी केलं. आतून ठोकून लाकडी पट्ट्या कुठे आहेत ते बघायचं, विजेच्या तारांचा नकाशा समोर ठेवायचा, आधी चार कोपऱ्यांत बारीक भोकं, मग जिगसॉ. कापलेल्या कडेला उघडं पडलेलं लाकूड आणि फोम नीट सील करायचा, कारण कॅरव्हॅनच्या भिंतीत एकदा पाणी शिरलं की ती आतून कुजते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. जाळीच्या मागे मी ब्युटाइल, म्हणजे न सुकणारं चिकट रबरी सीलंट लावलं. सिलिकॉन नको, भिंत प्रवासात सतत हलते आणि पुढे कधी जाळी काढायची वेळ आली तर सिलिकॉन रंगासकट निघतं.

पाण्याचं कामही घरचंच. थंड पाणी आत जातं तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे गरम पाणी उलटं थंड नळात जात नाही. चौदा लिटर पाणी १२ वरून ६० अंशांवर गेलं की फुगून साधारण २३० मिलिलिटरने वाढतं. त्याला जायला जागा नसेल तर दर वेळी सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं आणि लोक गिझर गळतोय म्हणून दुकानात नेतात. पंपानंतर एक छोटी दाबटाकी बसवली की हे वाढलेलं पाणी ती पोटात घेते. शिवाय पंपाची धडधड कमी होते आणि शॉवरची धार सलग येते. एवढ्याशा वस्तूने इतकी कामं केलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

गॅसच्या नळीला मात्र आम्ही हात लावला नाही. बऱ्याच देशांत तो कायद्यानेच परवानाधारक फिटरचा प्रांत आहे. युरोपात ईएन १९४९ आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये एएस/एनझेडएस ५६०१.२ ही मानकं अशा गाड्यांच्या गॅसजोडणीसाठी आहेत. कायदा नसता तरी मी फिटरच बोलावला असता. त्याने तांब्याची नळी गाडीच्या तळाखालून नेली, गिझरसाठी वेगळा बंद करायचा व्हॉल्व्ह दिला, मग दाबमापक लावून सगळे बर्नर बंद ठेवले आणि काटा हलतो का बघत बसला. मधेच नवरा म्हणाला, "साबणाचं पाणी लावून बघूया का?" फिटर म्हणाला, "ते तुम्ही दर मोसमाला बघा. काटा हलला तरच मी साबण काढतो." काटा हलला नाही.

सिलिंडरच्या खणाला तळाशी भोक आहे ना, हे त्याने आवर्जून तपासलं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळला तर खाली बसतो आणि त्याला बाहेर पडायला वाट खालीच लागते. त्याच कारणाने गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत लावायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तो वर, झोपण्याच्या जागेजवळ, कारण तो वायू हवेइतकाच हलका आहे आणि सगळीकडे मिसळतो. दोन्हींची कामं वेगळी, जागा वेगळ्या. एकच अलार्म दोघांचं काम करेल असं समजून तो कुठेतरी मधे लावणारे भेटले आहेत.

न्हाणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ट्रेला दोन कोपऱ्यांत दोन निचरे असावेत, कारण कॅरव्हॅन कधीच पूर्ण सपाट उभी राहत नाही. छताचं झाकण आंघोळीच्या आधीच उघडायचं. सांडपाण्याचा डबा पंचवीस लिटरचा, म्हणजे दोघांच्या आंघोळीनंतर काठोकाठ. तो ओढत नेऊन ओतायचं काम ज्या नवऱ्याने दहा मिनिटांचा शॉवर मागितला होता त्याच्याकडे आहे.

तापमान आम्ही ६० वरच ठेवतो. कोमट साठवलेल्या पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत, न्यूमोनियासारखा आजार देणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात, ६० ला ते टिकत नाहीत. पण ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं, म्हणून न्हाणीत शिरणाऱ्या नळीवर थर्मोस्टॅटचा मिक्सिंग व्हॉल्व्ह आहे. बरेच दिवस गाडी उभी असेल तर टाकीतलं पाणी आधी ओतून द्यायचं, मग नवं भरून तापवायचं. टाकी पूर्ण भरली हे कळायला गरम नळातून हवेचे फुसके थांबून सलग धार यायला हवी, तोवर बर्नर लावायचा नाही.

राहिली थंडी. काही गिझरना तीन अंशांच्या आसपास आपोआप उघडून टाकी रिकामी करणारा व्हॉल्व्ह असतो, आमच्याकडे आहे. तो उघडला आणि पंप चालूच राहिला तर पंप सगळी सत्तर लिटरची टाकी इमानदारीने जमिनीवर ओतून मोकळा होतो. त्यामुळे रात्री झोपताना पंपाचा स्विच बंद. गाडी बंद करून ठेवायची असेल तर गिझरचा निचरा उघडायचा, सगळे नळ गरम आणि थंडच्या मधोमध उघडे ठेवायचे, आणि शॉवर हुकावरून काढून खाली ट्रेमध्ये ठेवायचा. हुकावर राहिला तर नळीच्या झोळात पाणी साचतं, आणि गोठून शॉवरचं बटण आधी फुटतं.