रेल्वे की भाड्याची गाडी : युरोपच्या प्रवासाआधीचे आमचे दोन महिने

मालवणहून तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे चार खोल्यांचे होमस्टे आहे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि समुद्रातले खेळ बंद असतात, पाहुणे तुरळक येतात, त्यामुळे लांबचा प्रवास करायचा असेल तर आम्हाला जून ते ऑगस्ट हेच महिने मोकळे मिळतात. मी, माझे पती, सत्तर वर्षांच्या सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी अशा चौघांनी जूनच्या उत्तरार्धात चौदा दिवस स्वित्झर्लंड आणि इटली पाहायचे ठरवले. विमानाची तिकिटे काढताना झुरिकला उतरायचे आणि रोमहून परतायचे हे लगेच ठरले. मधला प्रवास रेल्वेने करायचा की भाड्याची गाडी घेऊन, या प्रश्नावर मात्र घरात दोन महिने चर्चा चालली.

सुरुवातीला सर्वांचे मत गाडीच्या बाजूने होते, आणि त्यामागे आमचा येथला अनुभव होता. मालवणला रेल्वे नाही. कोकण रेल्वेने यायचे तर कुडाळला किंवा कणकवलीला उतरायचे आणि पुढे तीस-चाळीस किलोमीटर एसटीने अथवा रिक्षाने जायचे. स्थानक आणि गाव यांच्यात एवढे अंतर असण्याची आम्हाला इतकी सवय आहे की रेल्वे म्हणजे अर्धाच प्रवास, असे आम्ही गृहीत धरतो. त्यातच पुण्याच्या धाकट्या दिरांनी फोनवर हिशोब मांडला, “वहिनी, चार तिकिटांपेक्षा एक गाडी केव्हाही स्वस्त पडेल, आणि आईच्या गुडघ्यांचाही विचार करा.” मी अठरा वर्षे गाडी चालवते आहे. आंबोली आणि करूळ हे दोन्ही घाट भर पावसात चालवले आहेत, तेव्हा भीतीचा प्रश्न नव्हता.

माझे मत प्रथम बदलले ते प्रत्यक्ष आकडे मांडायला बसल्यावर. संकेतस्थळावर दिसणारे गाडीचे दिवसाचे भाडे आणि हातात येणारा एकूण खर्च यांत फार अंतर असते. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायची झाली, तर परतीचे वेगळे शुल्क लागते, आणि झुरिक ते रोम अशा प्रवासात ते आमच्या कित्येक दिवसांच्या भाड्याइतके भरत होते. स्वित्झर्लंडच्या महामार्गांवर गाडी नेण्यासाठी व्हिन्येट म्हणजे रस्तेकर भरल्याचा परवाना घ्यावे लागते. त्याचे ४० फ्रँक वर्षाचे असतात, पण प्रवास चार दिवसांचा असला तरी ते तेवढेच भरावे लागतात. इटलीत टोल वेगळा, शहरांत वाहनतळाचे दर वेगळे, आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी साध्या गाडीपेक्षा महाग. ऑटोमॅटिकचा आग्रह मी सोडणार नव्हते, कारण तिकडे स्टिअरिंग डावीकडे असते, गिअर उजव्या हाताने बदलावा लागतो आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे असते. या तीन सवयी एकाच दिवशी बदलण्याचा प्रयोग मला कुटुंबाला घेऊन करायचा नव्हता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नकाशा पाहताना लक्षात आली. गावांमधली अंतरे मोजायचे सोडून मी मुक्कामांचा तक्ता केला आणि प्रत्येक मुक्कामापुढे एकच प्रश्न लिहिला : राहण्याची जागा स्थानकापासून किती दूर आहे? झुरिक विमानतळाच्या खालीच स्थानक आहे. ल्युसर्नचे स्थानक सरोवराच्या काठाला, बोटींच्या धक्क्यासमोर आहे. कूर, मिलान, फ्लोरेन्स आणि रोम येथे तर मुख्य स्थानक शहरातच आहे. वेंगेन या डोंगरावरच्या गावात बाहेरच्या मोटारी जातच नाहीत. गाडी खाली लाउटरब्रुननला पैसे भरून ठेवावी लागते आणि वर रेल्वेनेच जावे लागते. म्हणजे आमच्या घरच्या अनुभवाच्या नेमके उलटे चित्र होते. तिथे रेल्वे गावाच्या मध्यात नेते आणि मोटार गावाबाहेर थांबते.

इटलीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. वेशीवर कॅमेरे असतात, आणि परवानगी नसलेली गाडी आत गेली की दंडाची नोटीस गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीमार्फत घरी येते. चालकाची माहिती पोलिसांना कळवण्याचे शुल्क कंपनी वेगळे कापून घेते. एका दिवसात दोन वेशी ओलांडल्या तर दोन दंड होऊ शकतात. फ्लोरेन्समध्ये किंवा रोममध्ये मोटार जवळ बाळगणे म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणे आहे, असे माझे ठाम मत झाले.

एकच मुक्काम या तक्त्यात बसेना. टस्कनीत पिएंझाजवळ एका शेतघरात आम्हाला तीन रात्री राहायचे होते. इटलीत शेतकऱ्याने स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवण्याच्या या व्यवसायाला ‘आग्रितुरिस्मो’ म्हणतात, त्यासाठी १९८५मध्ये तिथे स्वतंत्र कायदा झाला, आणि स्वतः होमस्टे चालवणारी म्हणून मला ते पाहण्याची मनापासून ओढ होती. व्हाल दोर्चा या टेकड्यांच्या प्रदेशात शेतघरे रस्त्यापासून आत, मातीच्या वाटांवर आहेत. पिएंझाला रेल्वे नाही आणि बस मोजक्याच. तिथे गाडीला पर्याय नव्हता. म्हणून रेल्वे की गाडी या वादाचा निकाल असा लागला की अकरा दिवस रेल्वे आणि तीन दिवस गाडी, तीही फ्लोरेन्सच्या विमानतळावरून घेऊन तिथेच परत करायची, म्हणजे परतीचे शुल्क लागणार नाही. शहरातून विमानतळापर्यंत ट्राम जाते, त्यामुळे शहरातल्या गल्ल्यांतून गाडी बाहेर काढण्याचा प्रश्नही मिटला.

निर्णय पुढे ढकलणे शक्य नव्हते, कारण शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, अर्जासोबत मुक्कामांची आरक्षणे आणि प्रवासाचा आराखडा द्यावा लागतो. ज्या देशात मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. आमच्या स्वित्झर्लंडमध्ये पाच आणि इटलीत आठ रात्री होत्या, म्हणून अर्ज इटलीकडे केला.

रेल्वेच्या पासांचा हिशोब थोडक्यात सांगते. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असलेला युरेल पास ३३ देशांत चालतो, पण आम्हाला दोनच देश पाहायचे होते, आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आसनाचे आरक्षण पैसे देऊन वेगळे घ्यावे लागते. त्यामुळे स्वित्झर्लंडसाठी सलग सहा दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घेतला, ज्यात रेल्वेबरोबर बस आणि सरोवरातल्या बोटीही येतात. सहा ते पंधरा वर्षांचे मूल आईवडिलांबरोबर असेल तर फॅमिली कार्डावर विनामूल्य प्रवास करते. त्यामुळे चार तिकिटांपेक्षा एक गाडी स्वस्त पडते हा दिरांचा मुद्दा तिथे तीन तिकिटांवर आला. इटलीतली तिकिटे सुटी आणि आधी काढली, कारण तिथल्या वेगवान गाड्यांचे भाडे प्रवासाची तारीख जवळ येईल तसे वाढत जाते.

कागदपत्रांत एका गोष्टीने मला खरोखर घाम फोडला. भाड्याच्या अटी बारकाईने वाचताना दिसले की अनामत रक्कम रोखून ठेवण्यासाठी लागणारे क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे हवे. आमच्या घरातले एकमेव क्रेडिट कार्ड माझ्या पतींच्या नावाचे होते, आणि गाडी मी चालवणार होते. बँकेतून माझ्या नावाचे कार्ड मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. ही अट मी तिकडे खिडकीपाशी उभी असताना कळली असती तर सगळा बेत मोडला असता. म्हणून गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः प्रत्येक बाईला, मी हे आवर्जून सांगते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सिंधुदुर्गनगरीच्या परिवहन कार्यालयातून घेतला. त्याचे शुल्क १,००० रुपये होते. तो वर्षभर चालतो, पण मूळ परवाना सोबत असेल तरच त्याला अर्थ असतो.

प्रवासातला स्वित्झर्लंडमधल्या कूरहून इटलीतल्या तिरानोला जाण्याचा दिवस मी विसरणार नाही. या मार्गावर काचेच्या छताची बेर्निना एक्सप्रेस धावते आणि तिला आरक्षण सक्तीचे आहे, पण त्याच रुळांवर साध्या गाड्याही धावतात व त्यांना आरक्षण लागत नाही. आम्ही साध्या गाडीने, मध्ये गाडी बदलून गेलो. तिच्या काही खिडक्या खाली घेता येतात. लांडवासरचा ६५ मीटर उंच दगडी पूल आला तेव्हा मला आपल्या रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल आठवला, कारण त्याची उंची ६४ मीटर आहे. पुढे ओस्पिझिओ बेर्निना येथे गाडी २,२५३ मीटरवर पोहोचते, आणि चढावर पकड देणारा दात्यांचा रूळ नसतानाही काही ठिकाणी शंभर मीटरला सात मीटर इतका चढ चढते. १९१०मध्ये पूर्ण झालेल्या या मार्गावर जूनमध्येही उतारांवर बर्फ शिल्लक होते. ब्रुझिओला रूळ एका गोलाकार पुलावरून स्वतःलाच वळसा घालून खाली उतरतात, ते पाहून मुलगी उभीच राहिली. सासूबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, “माका खिडकी होयी, बाकी कायएक नको.” त्या चार तास त्या खिडकीतून हलल्या नाहीत. मीही नाही. आंबोलीच्या घाटातून मी इतक्या वेळा गाडी नेली आहे, पण चालवताना धबधबा कधी मान वळवून पाहिलेला नाही. हा रस्ता मोटारीने केला असता तर तेच झाले असते.

गुडघ्यांची काळजी सामान कमी ठेवल्याने बरीच मिटली. प्रत्येकी एकच चाकांची बॅग, आणि तीही ज्याची त्याने उचलता येईल एवढीच, असा नियम केला होता. बहुतेक स्थानकांवर लिफ्ट किंवा उतार मिळाला. सहा-सात मिनिटांत गाडी बदलणे मात्र सासूबाईंना जमले नसते. स्वित्झर्लंडमध्ये गाड्या वारंवार असतात, म्हणून तशा ठिकाणी आम्ही मुद्दाम पुढची गाडी धरत असू.

फ्लोरेन्सला गाडी ताब्यात घेताना मी तिची चारही बाजूंनी छायाचित्रे काढली आणि पूर्वीचे ओरखडे कागदावर लिहून घेतले. पहिल्या तासात मुलगी प्रत्येक वळणावर मोठ्याने “उजवीकडे!” म्हणत होती, आणि त्याची गरज होती. गोल चौकात गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचे असते, हे दुसऱ्या दिवशी अंगवळणी पडले. सिएनाला तटबंदीबाहेरच्या वाहनतळावर गाडी ठेवली. तिथून सरकते जिने वर शहरात नेतात, त्यामुळे सासूबाईंना चढ चढावा लागला नाही. रस्त्यावरच्या रेषांचे रंग पाठ केले होते : पांढरी विनामूल्य, निळी पैसे भरून, पिवळी राखीव. पेट्रोलसाठी ‘बेन्झिना’ आणि डिझेलसाठी ‘गाझोलियो’ हे दोन शब्द मी पंपावर जाण्यापूर्वी हातावर लिहून घेतले, कारण चुकीचे इंधन भरले तर तो खर्च विम्यात बसत नाही.

शेतघराची मालकीण सकाळी आम्हाला ऑलिव्हची बाग दाखवायला घेऊन गेली. तिचा नि माझा हिशोब सारखाच निघाला : खोल्या चार, हंगाम मोजका, स्वयंपाक स्वतःचा. त्या वाटेवर बस कधीच पोहोचली नसती.

चौथ्या दिवशी टाकी पूर्ण भरून गाडी परत केली, पुन्हा छायाचित्रे काढली आणि ट्रामने स्थानक गाठले. तिथून दीड तासात रोम. कार्डावर रोखलेली अनामत आम्ही मालवणला परतल्यानंतर नऊ दिवसांनी मोकळी झाली.