जुन्या लष्करी तळांवर उभी राहिलेली आमची कंपनी

विमानतळ बनवतो असं सांगितलं की समोरच्याला सिमेंट आणि क्रेन आठवतात. आमच्याकडे त्यातलं काही नाही. आम्ही तिघे भागीदार, आमचे कॉम्प्युटर आणि फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या प्रोग्राममध्ये, घालायचे विमानतळ, एवढाच पसारा. त्यातही आमची खासियत म्हणजे एकेकाळी हवाई दलाचे असलेले आणि आता प्रवासी विमानं येत असलेले तळ.

सुरुवात हौसेतून झाली. २००६ साली मायक्रोसॉफ्टचा एफएसएक्स हा सिम्युलेटर आला, त्या काळात आम्ही सीनरी, म्हणजे सिम्युलेटरमधला विमानतळाचा देखावा, करून फुकट वाटायचो. धंदा करायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आला, कुठला विमानतळ घ्यायचा? हीथ्रो, फ्रँकफर्ट यांच्यामागे मोठ्या कंपन्या लागलेल्या. तिथे आमचा निभाव लागणं कठीण होतं. लष्करी तळांचं नेमकं उलटं. टर्मिनल छोटंसं, एका कोपऱ्यात. बाकी मोकळं रान, काँक्रीट आणि टॅक्सीवेचं, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत ने-आण करायच्या रस्त्यांचं, जाळं. तिघांना झेपेल असं काम, आणि त्याकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं.

काम करता करता कळलं की या तळांचा नकाशा वाचता येतो. ब्रिटनमधल्या दुसऱ्या महायुद्धातल्या तळांवर तीन धावपट्ट्या एकमेकींना छेदत त्रिकोण करतात. मुख्य सुमारे ६,००० फुटांची, उरलेल्या दोन ४,२०० फुटांच्या. वारा कुठूनही आला तरी बॉम्बर विमानं उडाली पाहिजेत, हा त्यामागचा हिशोब. शीतयुद्धातले तळ वेगळे. एकच लांब धावपट्टी आणि झाडीत विखुरलेले काँक्रीटचे शेल्टर. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात विमानं जमिनीवरच नष्ट झाली आणि त्यानंतर नाटोने प्रत्येक विमानाला जाड भिंतींचं घर द्यायला सुरुवात केली. साधा टॅक्सीवे मध्येच झाडीत का वळतो, हे त्यामुळे समजतं.

आमचं नाव झालं ते जर्मनीतल्या वेत्सेमुळे. नेदरलँड्सच्या सीमेला लागून असलेला हा तळ ब्रिटिश हवाई दलाने १९५४ मध्ये लारब्रुख या नावाने सुरू केला. कॅनबेरा, बक्कनीर, टॉर्नेडो आणि शेवटी हॅरियर अशी विमानं इथे राहिली. १९९९ मध्ये दल निघून गेलं आणि २००३ पासून प्रवासी विमानं येऊ लागली. धावपट्टी ०९/२७, म्हणजे पूर्व-पश्चिम, लांबी २,४४० मीटर. म्हणजे लढाऊ विमानांसाठी बांधलेल्या धावपट्टीवर आज बोइंग ७३७ आरामात उतरतं.

हाच तळ घेण्यामागे एक व्यवहारी कारणही होतं. तो नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात येतो आणि त्या राज्याने आपले हवाई फोटो आणि एक मीटर जाळीचं उंचीचं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं आहे. या धंद्यात नसलेल्यांना याचं महत्त्व पटकन कळत नाही. गुगल किंवा बिंगचा फोटो डोळ्यांना कितीही चांगला दिसला, तरी तो आपल्या पॅकेजमध्ये घालून विकता येत नाही. आधी परवाना बघायचा, मग विमानतळ निवडायचा, हा आमच्याकडे आता नियमच आहे. कितीतरी सुंदर तळ आम्ही केवळ यापायी सोडले.

आणि एक मत मी कुणाशीही भांडून मांडेन. सीनरी जमिनीवर विकली जाते, इमारतींवर नाही. गिऱ्हाईक टर्मिनलकडे बघतं ते इंजिन बंद केल्यावर. उतरताना आणि टॅक्सी करताना त्याच्या नजरेसमोर काँक्रीट आणि डांबरच असतं. जुन्या तळांवर काँक्रीटच्या स्लॅबवर पुढे डांबराचा थर चढवलेला असतो. खालचे सांधे उन्हाने आणि थंडीने हलत राहतात, आणि काही वर्षांत त्यांच्या रेषा वरच्या डांबरात भेगा होऊन उमटतात. त्या भेगा बुजवलेल्या असतात, त्यामुळे काळ्या डांबराच्या आडव्या रेघा ठराविक अंतराने दिसत राहतात. आम्ही त्या एकेक करून काढतो. आधी मूळ टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचं चित्र, त्यावर भेगांचा थर, त्यावर ठिगळं, तेलाचे डाग, टायरचे काळे पट्टे. रफनेस मॅपवर, म्हणजे कुठला भाग किती चमकेल ते ठरवणाऱ्या चित्रावर, तर वेगळी मेहनत घ्यावी लागते, कारण पाऊस पडला की नवं ठिगळ आणि जुनं डांबर सारखं चमकता कामा नये. वापरात नसलेल्या टॅक्सीवेवरचा पिवळा फुलीचा खूणपट्टाही हाताने झिजवलेला असतो. तो कोरा करकरीत दिसला की सगळा देखावा खोटा वाटतो.

शेल्टरची गोष्ट वेगळीच. २०२० च्या ऑगस्टमध्ये नवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला. तो उपग्रह आणि हवाई फोटोंवरून इमारती ओळखून आपोआप उभ्या करतो. आम्ही वेत्सेवर पहिल्यांदा घिरट्या घातल्या तेव्हा शेल्टरच्या जागी चक्क कौलारू घरांची वस्ती उभी होती! ती आधी पुसायची, मग आपलं बसवायचं. शेल्टर म्हणजे काँक्रीटची गोल कमान, पुढे अवजड सरकते दरवाजे, मागे इंजिनाचा झोत बाहेर काढायची जागा. कमान गुळगुळीत करायला पॉलिगॉन, म्हणजे मॉडेल ज्यांनी बनतं ते छोटे पृष्ठभाग, भरमसाट लागतात आणि सगळ्या तळावर तेच पसरले की फ्रेमरेट कोसळतो, चित्र अडखळायला लागतं. म्हणून मॉडेल एकच, त्याची काही रूपं : एकाच्या पाठीवर शेवाळ, एकाच्या दारावर गंजाचे ओघळ, एकाचं दार अर्धं उघडं. लांबून दिसणाऱ्या आवृत्त्या फार हलक्या. २०२१ च्या जुलैमध्ये हा सिम्युलेटर एक्सबॉक्सवर आल्यावर मेमरीची मर्यादा आणखी कडक झाली, तेव्हा ही काटकसर कामी आली.

तळ कुठल्या सालातला दाखवायचा, यावर आमच्यात बरीच खडाजंगी झाली. मॉडेलिंग सांभाळणाऱ्या भागीदाराला टॉर्नेडो उभे असलेला ऐंशीच्या दशकातला लारब्रुख हवा होता. गिऱ्हाइकांच्या मेलमध्येही तीच मागणी, विशेषतः तिथे नोकरी केलेल्या लोकांची. पण सिम्युलेटरचा नॅव्हिगेशन डेटा आजचा असतो, दर २८ दिवसांनी नवा येतो. जमीन १९८५ ची आणि आयएलएस, म्हणजे उतरताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा, आजची, टर्मिनल नाही पण प्रवासी विमानं मात्र येताहेत, असला घोळ मला मान्य नव्हता. शेवटी मुख्य सीनरी आजचीच ठेवली. शीतयुद्धाचा थर वेगळा, फुकट : टर्मिनल गायब, शेल्टरपुढे उभी विमानं, पहाऱ्याच्या चौक्या. तोच थर आमची सगळ्यात मोठी जाहिरात ठरला, हे भागीदार अजून ऐकवतो.

आजच्या तळावर काय काय दाखवायचं, हेही सोपं नाही. जुन्या इमारती भलत्याच कामाला लागलेल्या असतात. टेक्सासमधला बर्गस्ट्रॉम तळ १९९९ मध्ये ऑस्टिनचा विमानतळ झाला आणि तिथली मुख्यालयाची गोल इमारत पुढे हॉटेल बनली. वेत्सेच्या आवारात २०१५ पासून मोठा संगीत महोत्सव भरतो. त्याचा मंच करून द्या, अशी मागणी आली होती. आम्ही नाही म्हटलं. वर्षातले काही दिवस उभा राहणारा मंच बाराही महिने दिसणार, ते पटेना.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. एका वितरकाने आमचे पैसे इतके लांबवले की आम्ही पुढचा तळ थांबवून इतरांसाठी टेक्स्चर करून दिवस काढले. त्यानंतर एकाच दुकानावर विसंबणं बंद केलं. चाचेगिरी, म्हणजे सीनरीची चोरून कॉपी, होतेच, तिच्यामागे धावण्यापेक्षा अपडेट वेळेवर देणं परवडतं. एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिम्युलेटरसाठीची आवृत्ती कमी खपते, पण ते गिऱ्हाईक चिकाटीचं. लाइटचा कोन चुकला तर तेच आधी कळवतात.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरची पुढची आवृत्ती आली, तेव्हा जुनं सगळं पुन्हा तपासावं लागलं. ते उरकून आता हान हातात घेतलं आहे. अमेरिकन हवाई दलाचा हा तळ १९९३ मध्ये जर्मनीला परत मिळाला आणि त्याची धावपट्टी पुढे ३,८०० मीटरपर्यंत वाढवली. म्हणजे एकाच पट्टीवर दोन काळांचं बांधकाम, आणि जोडावर रंग नेमका कुठे बदलतो ते दाखवायचं आहे. परवान्याचं काम झालं आहे, भेगांना सुरुवात झाली आहे. विक्रीची तारीख मात्र मी सांगणार नाही. गेल्या वेळी सांगितली होती, त्यावर आलेल्या मेलना भागीदार अजून उत्तरं देतोय.