कंबरदुखी, कापसाचा हंगाम आणि उपचारांची निवड

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वी तालुक्यात कंबरदुखीला सहसा कोणी आजार म्हणत नाही. उन्हाळ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायच्या, पावसाळ्यात निंदायचे, १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन चिखलातून तासाला तास चालायचे आणि दिवाळीपासून पुढे कमरेला ओटी बांधून कापूस वेचायचा, एवढे केलेल्या माणसाची कंबर धरणारच, असे सगळ्यांनी मानून घेतलेले असते. दुखणे १२ आठवड्यांपेक्षा जास्त टिकले की डॉक्टर त्याला दीर्घकालीन म्हणतात. माझे दुखणे त्या हिशेबाने केव्हाच जुने झाले आहे. उजव्या नितंबातून पोटरीपर्यंत उतरणारी कळ आता घरातल्या सर्वांच्या ओळखीची आहे.

उपचार सुचवणाऱ्यांची गावात वाण नाही. सासूबाईंनी प्रथम शेक आणि तेल सांगितले, मग शेजारच्या गावातल्या पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ. चमक भरली असेल तर तेवढ्याने ती निघते, अशी समजूत आहे. मी गेले, त्यांनी अत्यंत संकोचाने पाय लावला, आणि चहा घेऊन आम्ही परतलो. यात निदान अपाय तरी काही नव्हता. बिब्याचा चटका मात्र मी ठामपणे नाकारला, कारण त्याने कातडी भाजते आणि जखम चिघळते. सांधेदुखीवर म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची मला याहून अधिक भीती वाटते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. चार दिवस फार बरे वाटते, पण पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि औषध एकदम बंद केले तर जिवावरही बेतू शकते. वेदनाशामक सुईचेही तसेच आहे: तिने वेचणीचा एखादा दिवस निघून जातो, परंतु ती वरचेवर घेतल्यास जठर आणि मूत्रपिंड यांना त्याची किंमत मोजावी लागते.

एमआरआयबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तो काढला की निदान झाले, असे बहुतेकांना वाटते. माझ्या अहवालात मणक्यांमधल्या खालच्या दोन चकत्या (डिस्क) सरकल्याचे लिहून आले आणि 'मणक्यात गॅप पडला' ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. वर्ध्याच्या ज्या अस्थिरोगतज्ज्ञांना मी तो अहवाल दाखवला, त्यांनी तो बाजूला ठेवून आधी माझ्या पायाच्या अंगठ्याची ताकद तपासली, पाय सरळ उचलून पाहिला, बधिरपणा कुठे आहे हे विचारले. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित अभ्यास झाला, त्यात चाळिशीच्या वयात सुमारे ५० टक्के आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या होत्या. म्हणजे चित्रात दिसणारी प्रत्येक गोष्ट दुखण्याचे कारण असतेच असे नाही. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेचा व बैठकीचा भाग बधिर होणे, पायातली ताकद वाढत्या वेगाने कमी होणे, यांपैकी काही झाले तर मात्र त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे, असे त्यांनी माझ्या यजमानांना समोर बसवून सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णाला नीट समजावून सांगणे, व्यायाम, काही हस्तोपचार, मानसिक आधाराचे उपचार आणि दाहशामक औषधे यांना स्थान आहे, तर कमरेचा पट्टा, वजने लावून कंबर ताणणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके नेहमीच्या उपचारात देऊ नयेत, असे म्हटले आहे. आमच्या गावात मात्र पट्टा घराघरात खुंटीला टांगलेला आहे आणि व्यायाम शिकवणारा माणूस कोसभरात नाही.

खरी अडचण इथेच आहे. वर्ध्याजवळ सावंगी मेघेला फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, तिथपर्यंत जाता येते. परंतु एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि ऐन वेचणीत दिवस मोडणे म्हणजे एकीकडे मजुरी बुडवणे आणि दुसरीकडे फुटलेला कापूस पावसाच्या भरवशावर सोडणे. जन आरोग्य योजना प्रामुख्याने दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेला तिचा मोठा आधार होतो, पण आठवड्याच्या आठवडे चालणाऱ्या व्यायामाचा प्रवासखर्च ज्याचा त्यालाच सोसावा लागतो. शहरातल्या माणसाला 'व्यायाम करा' हा साधा सल्ला वाटेल. आम्हाला तो सगळ्यांत महाग पडतो.

म्हणून मी फिजिओथेरपिस्ट बाईंना आधीच सांगितले, की वारंवार येणे जमणार नाही, जे शिकवायचे ते घरी करता येईल असे शिकवा. त्यांनी पालथे झोपून कोपरांवर छाती उचलणे, गुडघे वाकवून नितंब वर उचलणे आणि रोजचे चालणे, एवढेच दिले. कळ पोटरीतून वर कमरेकडे सरकू लागली तर, कमरेत थोडे जास्त दुखले तरी, ती चांगली खूण समजायची, ही त्यांची सूचना मला सर्वांत उपयोगी पडली. 'एवढी रग असताना अजून व्यायाम कसला?' असे माझी जाऊबाई विचारते. दिवसभर एकाच बाजूला वाकून राहणे आणि कमरेच्या स्नायूंना सर्व बाजूंनी बळ देणे यांत फरक आहे, हे तिला पटलेले नाही. तिची कंबरही दुखते.

मणक्यात द्यायच्या इंजेक्शनचा पर्याय डॉक्टरांनी पुढे ठेवला आहे. त्याचा उपयोग मुख्यतः पायात उतरणाऱ्या कळेसाठी होतो, आणि तोही बहुधा काही काळापुरता, असे त्यांनी स्पष्ट केले. कळ सध्या गुडघ्याच्या वर थांबत असल्यामुळे मी तो निर्णय वेचणी संपेपर्यंत पुढे ढकलला आहे. तोवर सकाळचा अर्धा दिवसच मी वेचायला जाते, ओटी भरण्याआधीच रिकामी करते, आणि पंप यंदा यजमानांकडे आहे.