मसाई पठारावरचा ठिपकेवाला

ऑक्टोबर हीटमध्ये पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर कोण जातं, असं घरचे म्हणाले. गेलोच. गवतात पाय टाकला की पांढरं काहीतरी उडायचं आणि चार हातांवर परत बसायचं. भाचा ओरडला, "मामा, फुलपाखरू!" नाही रे, पतंग. मिशा बघ, दोऱ्यासारख्या बारीक. फुलपाखराच्या मिशांना टोकाला गाठ असते. पांढऱ्या पंखांवर काळे-लाल ठिपके, बसल्यावर पंख अंगाला लपेटलेले, म्हणजे युटेथायसा गटातला पतंग. खुळखुळ्याची झुडपं शेजारी होतीच! याच्या अळ्या त्यावर वाढतात, त्यातलं विष अंगात साठवतात आणि पतंग झाल्यावरही ते उरतं. म्हणून गडी भरदिवसा बिनधास्त (कोल्हापूरचाच म्हणायचा). नेमकी जात मात्र फोटोवरून सांगायला धजत नाही, यातल्या दोन-तीन अगदी सारख्या दिसतात.