आत्याला घेऊन हाँगकाँगमध्ये

माझी आत्या गेल्या नोव्हेंबरात ठाण्याहून दहा दिवसांसाठी हाँगकाँगला आली. विमानतळावर भेटताच तिचा पहिला प्रश्न होता, “तुझं घर खाडीच्या अलीकडे का पलीकडे?” ठाण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला शहर असेच समजते, आणि या शहराच्या बाबतीत याहून नेमका प्रश्न मला सुचत नाही. एका बाजूला चीनच्या मुख्य भूमीला लागून असलेले कौलून द्वीपकल्प, दुसऱ्या बाजूला हाँगकाँग बेट आणि मधोमध व्हिक्टोरिया हार्बर. मी चार वर्षांपासून कौलूनच्या बाजूला हंग हॉममध्ये राहते, नोकरी बेटावर आहे, त्यामुळे पाणी रोज दोनदा ओलांडते; पण बहुतेक दिवस ते मला दिसतसुद्धा नाही, कारण मेट्रो त्याच्या खालून जाते.

भारतीय पारपत्रावर येथे चौदा दिवसांपर्यंत राहण्यासाठी व्हिसा लागत नाही, मात्र निघण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वनोंदणी करून तिचा कागद छापून जवळ ठेवावा लागतो. तो आत्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये आणि पर्स पोटाशी धरून आणला होता. विमानतळावरून शहरात येणारी वेगवान गाडी बेटावरच्या स्थानकापर्यंत चोवीस मिनिटांत पोहोचवते, तरीही आम्ही ए २१ क्रमांकाची दुमजली बस घेतली. ती तासभर घेते, पण वरच्या मजल्यावर पुढे बसले की १९९७ साली खुला झालेला त्सिंग मा झुलता पूल समोर येतो. त्याचा मधला गाळा १,३७७ मीटरांचा आहे आणि खालून मालवाहू जहाजे जातात. नव्या माणसाला हे शहर बंदरामुळे उभे राहिले हे कळायला तेवढा तास पुरतो.

बसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून विमानतळावरच ऑक्टोपस कार्ड घ्यावे. १९९७ पासून चालत आलेले हे कार्ड मेट्रो, बस, ट्राम, फेरीबोट आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही चालते. कँटोनीजमध्ये त्याचे नाव ‘पात तात थुंग’, म्हणजे साधारणपणे ‘आठही दिशांना पोहोचणारे’. आत्याला हे सांगितल्यावर तिने त्याचे नाव ‘अष्टदिशा’ ठेवून टाकले आणि दहाही दिवस तेच चालवले. कार्ड यंत्रावर टेकवले की ‘डूट’ असा आवाज येतो. तो आला नाही तर मागची रांग खोळंबते, पण कोणी बोलत नाही, फक्त शांतपणे पाहते. मला बोलणे परवडले असते.

मेट्रोबद्दल पाहुण्यांनी ऐकलेले सगळे कौतुक खरे आहे. १९७९ साली ती सुरू झाली, पुढच्याच वर्षी बंदराखालून पलीकडे गेली, आणि आज गाडी चुकली तरी हळहळावेसे वाटत नाही, कारण पुढची दोन-तीन मिनिटांत येते. अडचण गाडीची नसते, बाहेर पडण्याची असते. प्रत्येक स्थानकाला इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे अनेक दरवाजे आहेत, मोठ्या स्थानकांत तर ए, बी, सी असे करत अक्षरमाला निम्म्याहून पुढे सरकते. कौलूनमधली त्सिम शा त्सुई आणि ईस्ट त्सिम शा त्सुई ही दोन स्थानके भुयारांनी जोडलेली असल्यामुळे चुकीच्या दारातून वर आलेला माणूस आपल्या ठिकाणापासून चांगला दहा मिनिटे दूर निघतो. माझ्या पहिल्या आठवड्यात एका मैत्रिणीला भेटायला जाताना मी तीनदा जमिनीखाली गेले आणि तीनदा वेगळ्याच रस्त्यावर उगवले. तेव्हापासून येथील माणसांप्रमाणे मीही पत्ता सांगताना रस्त्याचे नाव नंतर आणि दाराचे अक्षर आधी सांगते. फेरीबोटीच्या धक्क्याकडे जायचे असेल तर एल ६ हे दार लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट नकाशा सांगत नाही, ती म्हणजे चढ. बेटावर समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये सपाट जमीन अगदी थोडी आहे. तीही बरीचशी भर घालून मिळवलेली. नकाशावर चारशे मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात पायऱ्यांचा उभा रस्ता निघू शकतो, आणि आत्याचे गुडघे सत्तर वर्षांचे आहेत. बेटावरच्या सेंट्रल या कचेऱ्यांच्या भागापासून मिड-लेव्हल्स या डोंगरउतारावरच्या वस्तीपर्यंत १९९३ साली सरकत्या जिन्यांची जी साखळी बांधली गेली, तिचे मोल मला आत्यामुळे कळले. सुमारे ८०० मीटर लांबीची ही साखळी १३५ मीटर वर चढते. सकाळी सहा ते दहा ती खाली येते, कारण तेव्हा लोक कामावर उतरत असतात. दहानंतर मध्यरात्रीपर्यंत ती वर जाते. आम्ही साडेनऊला पोहोचलो. अर्धा तास खालच्या कट्ट्यावर बसून आत्याने उतरणाऱ्यांचे चेहरे पाहिले आणि “सगळे चर्चगेटचेच दिसतात,” असा निर्वाळा दिला. बरोबर दहाला जिना थांबला, थोड्या वेळाने उलटा फिरू लागला, आणि आम्ही निघालो.

ट्रामवर मात्र तिचा जीव जडला. बेटाच्या उत्तर किनाऱ्याने धावणारी ही ट्राम १९०४ पासून चालू आहे, आणि आता ती दुमजली आहे. घंटेच्या आवाजावरून तिला सगळे ‘डिंग डिंग’ म्हणतात. मागून चढायचे, पुढून उतरायचे आणि उतरतानाच पैसे द्यायचे. अंतर कितीही असले तरी भाडे एकच, सध्या तीन हाँगकाँग डॉलरच्या आसपास. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरपर्यंत धावली, तेव्हा आत्या आठ-नऊ वर्षांची होती. दादर टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आता तेथे राहणाऱ्या मुलांनाही सांगावे लागते. तिला मात्र आजोबांच्या मांडीवर बसून केलेला एक प्रवास आठवतो. वरच्या मजल्यावर सर्वांत पुढच्या बाकावर बसून आम्ही केनेडी टाऊनहून शाऊ की वानपर्यंत गेलो. सुक्या मासळीची दुकाने, बँकांचे मनोरे, खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे, सारे हाताच्या अंतरावरून सरकत होते. घाई असलेल्या माणसाने ट्राममध्ये बसूच नये, तेवढ्या वेळात मेट्रो तेच अंतर दोनदा कापते.

मिनीबसचा अनुभव हवाच असेल तर आधी हिरव्या छताची घ्यावी. तिचा मार्ग आणि भाडे ठरलेले असते. लाल छताच्या मिनीबसचे वेळापत्रक नसते, पाट्या बहुधा चिनीत असतात, आणि घंटी नसेल तर उतरण्याची जागा येण्यापूर्वी मोठ्याने ओरडावे लागते, “याऊ लोक, म्‌गोई!” म्हणजे ‘कोणीतरी उतरणार आहे, कृपया.’ पहिल्यांदा माझा आवाज फुटला नाही आणि मी दोन थांबे पुढे गेले. आत्याने ‘लोक’ हा शब्द तेवढा पक्का पकडला, आणि तिचा ठाण्याच्या रिक्षास्टँडवर कमावलेला आवाज चालकापर्यंत पहिल्याच फटक्यात पोहोचला.

आणि मग स्टार फेरी. मी कोणत्याही पाहुण्याला पहिल्या संध्याकाळी तेथे नेत नाही. आधी दोन-तीनदा पाण्याखालून नेते, म्हणजे वरून जाताना काय वेगळे आहे ते सांगावे लागत नाही. कौलून ते बेट अशी वाफेच्या बोटींची कंपनी १८८८ साली दोराबजी नवरोजी मिठाईवाला या मुंबईहून आलेल्या पारशी गृहस्थांनी काढली. दहा वर्षांनी ती स्टार फेरी झाली, आणि बोटींच्या नावात आजही ‘स्टार’ असतेच. त्सिम शा त्सुईतला मोदी रोडही आणखी एका मुंबईकर पारशाच्या, सर होरमसजी मोदी यांच्या नावाचा आहे. हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत त्यांच्या देणगीतून उभी राहिली. ‘मिठाईवाला’ हे आडनाव ऐकून आत्याला फार समाधान वाटले. ते गृहस्थ तिच्या माहेरच्या ओळखीतले असावेत, असा तिचा सूर होता.

या बोटीचे भाडे हा येथे भावनेचा विषय राहिला आहे. १९६६ साली पहिल्या वर्गाचे भाडे अवघ्या पाच सेंटांनी वाढणार म्हणून एका तरुणाने धक्क्यावर उपोषण केले, आणि त्यानंतर कौलूनमध्ये काही रात्री दंगल पेटली. २००६ साली समुद्रात भर घालण्यासाठी सेंट्रलचा जुना धक्का आणि त्याचा घड्याळाचा मनोरा पाडला, तेव्हाही लोक रस्त्यावर उतरले होते. नवा धक्का पूर्वीपेक्षा पाण्याच्या बाजूला सरकला आहे. मेट्रोपासून तेथवर आता बरेच चालावे लागते, आणि बंदर तेवढेच अरुंद झाले आहे. उपोषण आणि भराव, दोन्ही गोष्टी मुंबईच्या माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

आम्ही खालच्या मजल्यावर बसलो. तिकीट थोडे स्वस्त असते, डिझेलचा वास येतो, पण पाणी अगदी जवळ असते. निळ्या गणवेशातल्या खलाशाने आकडीच्या काठीने दोर ओढून घेतला, फळी खाली पडली, आणि आत्या भाऊच्या धक्क्याच्या सवयीने जपून पाय टाकत आत आली. बोटीला पुढची-मागची बाजू नसते, दोन्ही टोके सारखीच. म्हणून लाकडी बाकाची पाठ अलीकडून पलीकडे ढकलता येते आणि बसणाऱ्याला तोंड ज्या दिशेला हवे त्या दिशेला करता येते. आत्याने ती दोनदा इकडून तिकडे करून पाहिली. पलीकडे जायला नऊ-दहा मिनिटे लागतात. मधोमध एका बार्जच्या लाटेने बोट हलली, तेव्हा तिने माझा हात धरला आणि नंतर सोडायला विसरली.

सेंट्रलला लागल्यावर तिने विचारले, “असंच बसून परत जाता येतं का?” तसे येत नाही, उतरावे लागते, वळसा घालून पुन्हा कार्ड टेकवावे लागते. आम्ही उतरलो, वळसा घातला, तिने अष्टदिशा टेकवले, आणि बाकाची पाठ या वेळी तिनेच आधी फिरवून ठेवली.