मुदत : रविवार, सकाळी 9.31

कोथरूडला माझा विमान तिकिटांचा व्यवसाय आहे. 20 सप्टेंबर 2025, शनिवार. शटर वर करायच्या आधीच फोन सुरू झाले. रात्रीतून, म्हणजे अमेरिकेतल्या शुक्रवारी, ट्रम्प यांनी सही केली होती : एच-वन-बी, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या व्हिसावर अमेरिकेत शिरायचं तर मालकाने 1 लाख डॉलर भरायचे, म्हणजे जवळपास 88 लाख रुपये. अंमल आपल्याकडच्या रविवारी सकाळी 9.31 पासून. वाणिज्यमंत्री लुटनिक तर ‘दरवर्षी’ म्हणून मोकळे झाले. आधीच व्हिसा असलेल्यांचं काय, ते कुणी धड सांगेना. बड्या कंपन्यांनी मात्र ‘ताबडतोब परत या’ असे ईमेल सोडले.

दहाच्या सुमारास न्यू जर्सीत नोकरी करणारा एक जण आला. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या; वडिलांच्या श्राद्धासाठी आलेला. “ताई, काहीही करा, पण मुदतीच्या आत पोचवा.”

मुंबई-न्यूयॉर्क थेट सोळा तास. त्याआधी पुण्याहून विमानतळ गाठायला चार, चेक-इनला तीन. मिळण्यासारखं थेट विमान रात्रीचं, म्हणजे उतरेपर्यंत मुदत उलटलेली. इकडे स्क्रीन रिफ्रेश केली की भाडं चढलेलं.

मग अबू धाबी आठवलं. तिथे अमेरिकेचेच अधिकारी बसतात, इमिग्रेशन विमानात चढण्याआधीच उरकतं. मुंबईहून जेमतेम तीन-सव्वातीन तास. त्याने कंपनीच्या वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, जा. मी तिकीट काढलं. एकेरीला त्याच्या परतीच्या अख्ख्या तिकिटापेक्षा जास्त पडले. बायको-मुलगी इथेच राहिली, पिंडदान धाकट्या भावावर.

त्याच रात्री उशिरा व्हाइट हाउसचा खुलासा : फी फक्त नव्या अर्जांना, एकदाच, व्हिसा असलेल्यांना येण्या-जाण्याची मुभा.

माझं मत विचाराल तर यात गोंधळ कमी, हिशेब जास्त. वर्षाला 85 हजार नव्या व्हिसांचा कोटा बदलायला अमेरिकी संसद लागते. घोषणेला एक सही पुरते. 2024 च्या अखेरीस ट्रम्पच्याच गोटात यावरून जुंपली होती : उद्योगपती मस्क या व्हिसाच्या बाजूचे, ट्रम्प यांचे माजी सल्लागार बॅनन कट्टर विरोधात. शुक्रवारचा आकडा बॅननवाल्यांना, शनिवारचा खुलासा कंपन्यांना. मधल्या चोवीस तासांचं भाडं ज्याचं त्याने भरायचं. यातले बहुतेक व्हिसा भारतीयांकडे, आणि त्यांना तिथे मत नाही.

सोमवारी घटस्थापना. त्याचा न्यू जर्सीहून मेसेज आला : ताई, जुन्या तिकिटाचा काही रिफंड? तिकीट नॉन-रिफंडेबल होतं. विमानतळ कर तेवढा परत मिळेल, असं कळवलं.